अपग्रेड करू की नको? काकांचा कॉम्प्युटर आणि ग्रेस हॉपर



माझ्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, गणेश मंडळाची पावतीपुस्तकं, सगळं तिथे होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला नाही, पण सुरक्षेची अपडेट्स आपोआप येणं थांबलं. विंडोज ११ ची सूचना आली की काका ती बंद करतात आणि कामाला लागतात. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मीच, त्यामुळे निर्णय माझ्या गळ्यात पडलाय.

फोनवर अपडेट आलं की मी रात्री तो चार्जिंगला लावतो आणि विसरून जातो. इथे मात्र हात थांबला. त्या मशीनमध्ये काकांची पंधरा वर्षांची कामं आहेत, आणि त्यातली बहुतेक जुन्या मराठी फॉन्टमध्ये. अपग्रेडनंतर ती उघडलीच नाहीत तर ऐन लग्नसराईत दुकान बसेल.

याच विचारात असताना मी ग्रेस हॉपर यांचं आयुष्य पुन्हा वाचलं. नव्या मशीनवर जाताना जुन्या कामाचं काय करायचं, या प्रश्नावर या बाईंनी आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगतो, आणि शेवटी काकांच्या कॉम्प्युटरचं काय ठरलं तेही.

सात घड्याळं

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने एक घड्याळ खोललं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती!

पुढे वासर कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र, मग येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी. वासरमध्येच त्या शिकवायला लागल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं. वय जास्त आणि वजन कमी, दोन्हीकडून अडचण. तरी खास परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ मध्ये नेमणूक झाली ती हार्वर्डच्या मार्क १ या मशीनवर. साधारण १५ मीटर लांब आणि पाच टनांच्या आसपास वजन! सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. या मशीनचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल लिहिण्यात हॉपर यांचा मोठा वाटा होता.

बगची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९४७ मध्ये मार्क २ मशीनच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. पण बग हा शब्द हॉपर यांनी शोधला, असं नाही. इंजिनिअर लोक तो आधीपासून वापरत होते. ही गोष्ट हॉपर यांच्यामुळे जगभर पोचली, एवढंच.

पक्की नोकरी सोडली

युद्ध संपलं. कायमच्या नौदलात घ्या, असा त्यांनी अर्ज केला, पण वयामुळे तो नाकारला गेला. दुसरीकडे वासर कॉलेज पूर्ण प्राध्यापकाची जागा द्यायला तयार होतं. जुनी, ओळखीची, सन्मानाची जागा. त्यांनी ती नाकारली आणि करारावर हार्वर्डच्या मशीनपाशीच राहिल्या. १९४५ मध्ये घटस्फोट झाला होता. १९४९ मध्ये हार्वर्डचं कामही संपलं. तेव्हा त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती, पण तो अजून कोणाच्या हातात पडलेला नव्हता.

म्हणजे बदल म्हटला की डोळे झाकून उडी मारणारी ही बाई होती का? मला तसं वाटत नाही. नव्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाचा वेळ कुठे वाया जातो, हे त्या रोज बघत होत्या.

तेव्हा प्रोग्रामर आपापल्या वहीत उपयोगी सूचनांचे तुकडे लिहून ठेवायचे. लागले की हाताने उतरवून घ्यायचे, आणि उतरवताना चुका व्हायच्या. हॉपर यांनी विचार केला की हे उतरवण्याचं काम मशीनच का करू नये? १९५२ मध्ये त्यांनी ए-० नावाचा कंपायलर केला. तुकड्यांना क्रमांक दिलेले असायचे. तुम्ही क्रमांक सांगायचा, मशीन टेपवरून तो तुकडा आणून योग्य जागी जोडणार. आजच्या कंपायलरच्या मानाने हे फारच साधं होतं. तरीही बराच काळ फार कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, अशीच समजूत होती.

मग त्यांनी पुढची पायरी गाठली. धंद्यातल्या माणसाला समजतील अशा शब्दांत सूचना द्यायच्या. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली. तेव्हाचा एक किस्सा त्या सांगायच्या. साहेब लोकांना डेमो दाखवताना त्यांनी इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतल्या सूचनाही चालवून दाखवल्या. मशीनच्या दृष्टीने शब्द म्हणजे नुसती खूण, तो कुठल्या भाषेतला आहे याने काय फरक पडतो? पण अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कळतं, हे साहेबांना पचेना. शेवटी फक्त इंग्रजीवर काम करायचं ठरलं.

एकच प्रोग्राम, दोन मशीन

आता मुद्द्याची गोष्ट. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरची बोली वेगळी होती. नवीन मशीन घेतलं की जुने प्रोग्राम जवळजवळ पहिल्यापासून लिहायचे. मशीनपेक्षा हा खर्च जास्त जिवावर यायचा, म्हणून लोक जुन्यालाच चिकटून राहायचे.

मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये बैठक झाली. सगळ्या मशीनवर चालेल अशी एक धंदेवाईक भाषा करायचं ठरलं. ती भाषा म्हणजे कोबोल. ती हॉपर यांनी एकटीने लिहिली नाही, समितीने लिहिली. त्या सल्लागार होत्या, पण भाषेचा पाया बऱ्याच अंशी त्यांच्या फ्लो-मॅटिकचाच होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम किरकोळ फेरफार करून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला: आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २.

आज आपण एका फोनवरचा फोटो दुसऱ्या कंपनीच्या फोनवर उघडतो आणि त्यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. मशीन बदललं तरी काम आपल्याकडे राहणार होतं.

सहा महिन्यांसाठी बोलावणं

१९६६ च्या शेवटी, साठी गाठल्यावर, नौदलाने हॉपर यांना निवृत्त केलं. पण १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण नौदलात कोबोलचाच गोंधळ झाला होता. भाषा एक, पण प्रत्येक कंपनी त्यात आपली थोडी फोडणी घालायची, आणि प्रोग्राम पुन्हा एकाच मशीनवर अडकायचे. हॉपर यांच्या गटाने तपासणीचे प्रोग्राम तयार केले. कंपनीचा कंपायलर खरंच ठरलेल्या नियमांप्रमाणे चालतो का, हे ते करून बघायचे. कंपनीच्या शब्दावर विसंबून राहायची गरज उरली नाही. ते सहा महिने वाढत वाढत जवळपास १९ वर्षं झाली.

त्यांच्या ऑफिसात उलटे काटे फिरणारं घड्याळ होतं. दोन दिवस बघायला अवघड जातं, मग वेळ बरोबर कळायला लागते. सवय म्हणजे कारण नव्हे, हे त्या घड्याळावरून येणाऱ्याजाणाऱ्याला समजायचं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. समारंभ झाला तो १७९७ मध्ये पाण्यात उतरलेल्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजावर. नव्याचा आग्रह धरणाऱ्या बाईंचा निरोप नौदलाच्या सगळ्यात जुन्या जहाजावर! १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

याची दुसरी बाजू

कोबोल इतकी टिकली की आजही अनेक बँकांची आणि सरकारी कामं तिच्यावर चालतात. पण चालतंय ना, मग हात लावू नका, या वृत्तीचाही त्रास झाला. जागा वाचवायला जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायची पद्धत होती. २००० साल जवळ आलं तेव्हा ००  म्हणजे १९०० की २००० हे मशीनला कळेना. जगभर जुने प्रोग्राम तपासून दुरुस्त करावे लागले, आणि भारतातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना त्यातून भरपूर काम मिळालं. आपला अपग्रेड टाळण्याचा खर्च असा कधीतरी एकदम समोर येतो.

मग काकांच्या कॉम्प्युटरचं काय?

हॉपर यांची गोष्ट वाचून मी प्रश्नच बदलला. विंडोज ११ चांगली की वाईट, हे सोडून दिलं. काकांचं काम या मशीनबाहेर जगतं का, ते आधी बघायचं ठरवलं.

पेन ड्राइव्हवर दहा जुन्या पत्रिका घेतल्या आणि विंडोज ११ असलेल्या माझ्या लॅपटॉपवर उघडल्या. सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा काला! कारण जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्याला फक्त मराठी कपडे घालतो. युनिकोडमध्ये तसं नसतं, तिथे क ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून व्हॉट्सअॅपवरचा मराठी मेसेज कुठल्याही फोनवर वाचता येतो. मी तो जुना फॉन्ट लॅपटॉपवर टाकला आणि पत्रिका नीट दिसल्या. डीटीपीचं सॉफ्टवेअरही चाललं. अडलं ते प्रिंटरपाशी. त्या जुन्या प्रिंटरचा नवीन ड्रायव्हरच मिळाला नाही.

मग असं ठरलं:

१. सगळ्या फाइल्स आणि फॉन्ट यांची बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी. हे लगेच केलं.

२. कॉम्प्युटर विंडोज ११ ला पात्र आहे का, ते तपासलं. टीपीएम २.०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. काकांचं मशीन पास झालं.

३. लग्नसराईत अपग्रेड नाही. तोवर विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स घ्यायची. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते.

४. नवीन प्रत्येक काम युनिकोडमध्ये.

५. जूनमध्ये काम मंदावलं की नवा प्रिंटर आणि अपग्रेड एकदमच. काही बिनसलं तर पहिल्या दहा दिवसांत जुन्या विंडोजवर परत जाता येतं, तोवर जुन्या फाइल्स पुसायच्या नाहीत.

पहिली युनिकोड पत्रिका करताना काका वैतागले. कीबोर्ड वेगळा, बोटं चुकत होती. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मुलीकडच्या मंडळींना मजकूर थेट व्हॉट्सअॅपवर तपासायला पाठवला, आणि नावातली एक चूक छापायच्या आधीच सापडली. आता ते मला विचारतात, जून यायला किती दिवस आहेत.

तुमच्या घरातही अशी सूचना रोज बंद होत असेल, तर आज एवढंच करा: सगळ्यात महत्त्वाची एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. ती उघडते की नाही, त्यावर पुढचं ठरवा.