गुडघा बदलल्यावर पाय सरळ झाला की नाही? हे एक्स-रे सांगू शकतो, कारण राँटजेनला तो किरण वाकवता आला नाही

घरातल्या कुणाचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की फॅमिली ग्रुपवर दोन फोटो हमखास येतात. एक ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे, त्यात पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. दुसरा नंतरचा, पाय सरळ आणि गुडघ्याच्या जागी पांढराशुभ्र धातू. खाली आत्या-मावश्यांचे हात जोडलेले इमोजी. मग एखादा चुलतभाऊ फोटो झूम करतो आणि पाय अजून जरासा तिरका दिसतोय, अशी शंका काढतो. झालं, पुढचे दोन दिवस घरात तोच विषय.

पाय सरळ आहे की नाही हे बघायला डॉक्टर पूर्ण पायाच्या एक्स-रेवर एक रेष मारतात. खुब्यातल्या गोल हाडाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसलाच प्रकार. रेष गुडघ्याच्या मधोमध गेली तर पाय सरळ. आतल्या बाजूने गेली तर पाय बाहेरच्या बाजूला वाकलेला. बाहेरून गेली तर गुडघे एकमेकांकडे झुकलेले.

गंमत म्हणजे ही रेष एक्स-रेपेक्षा जुनी आहे. व्हिएन्नात काम करणाऱ्या योहान मिकुलिच या सर्जनने १८७८ मध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची मोजमापं घेऊन ती मांडली. आजही तिला त्याचंच नाव आहे. पुढे १८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या सर्जनने हस्तिदंताचा कृत्रिम गुडघा बसवला. म्हणजे रेष होती आणि कृत्रिम गुडघाही होता. पण जिवंत माणसाच्या पायात ती रेष नेमकी कुठून जाते, हे बघायची सोयच नव्हती. बसवलेला सांधा आत कसा बसलाय, हे वरून चाचपून जेवढं कळेल तेवढंच.

ती सोय पाच वर्षांनी झाली. ज्याच्यामुळे झाली तो डॉक्टर नव्हता, इंजिनिअरिंग शिकून भौतिकशास्त्रात आलेला माणूस होता.

विल्हेल्म राँटजेनचा जन्म २७ मार्च १८४५ चा. गाव जर्मनीतलं लेन्नेप, वडील कापडाचे व्यापारी. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना घर हॉलंडमधल्या आपेलडोर्नला हललं. पुढे युट्रेक्टच्या टेक्निकल शाळेत एक भानगड झाली. वर्गातल्या कुणीतरी एका मास्तरांचं व्यंगचित्र काढलं. चित्र राँटजेनचं नव्हतं, पण ज्याने काढलं त्याचं नाव सांगायला त्याने नकार दिला. शाळेने त्यालाच काढून टाकलं.

शाळेचा दाखला नाही म्हटल्यावर नेहमीच्या वाटेने विद्यापीठात प्रवेश मिळेना. शेवटी १८६५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकने त्याला घेतलं. तिथे तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला, १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ऑगस्ट कुंट या प्राध्यापकांच्या नादाने भौतिकशास्त्राकडे वळला. झुरिकमध्येच एका खानावळवाल्याची मुलगी बेर्टा भेटली. १८७२ मध्ये लग्न झालं. मूल झालं नाही, तेव्हा दोघांनी बेर्टाच्या भाचीला दत्तक घेतलं. मधली नोकऱ्यांची यादी लांबलचक आहे, ती सोडून देऊ. १८८८ मध्ये तो वुर्झबर्ग विद्यापीठात प्रोफेसर झाला. प्रयोगशाळा खाली आणि घर त्याच इमारतीत वर.

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. राँटजेन काचेच्या निर्वात नळीतून वीज सोडण्याचे प्रयोग करत होता. नळीचा उजेड बाहेर येऊ नये म्हणून त्याने ती काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळली होती. खोलीत अंधार. तरीही थोड्या अंतरावर ठेवलेला, रसायन लावलेला एक पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून काहीतरी बाहेर येत होतं.

पुढचे सुमारे सात आठवडे हा माणूस जवळजवळ प्रयोगशाळेतच राहिला. जेवण तिथे, झोप तिथे. जे दिसलं ते खरंच आहे याची खात्री होईपर्यंत त्याने फार कुणाला सांगितलंही नाही. त्याने किरणांच्या वाटेत हजारेक पानांचं पुस्तक ठेवलं, किरण पार. लाकूड ठेवलं, पार. ॲल्युमिनियममधून बऱ्यापैकी गेले, शिसं मात्र आडवं आलं. हात धरला तर पडद्यावर हाडांची गडद सावली पडली आणि तिच्याभोवती मांसाची फिकट.

या सात आठवड्यांतला एक प्रयोग सहसा कुणी सांगत नाही. गुडघ्याच्या दृष्टीने मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राँटजेनने हा किरण वाकवायचा प्रयत्न केला. उजेड प्रिझममधून गेला की वळतो, म्हणून त्याने पाण्याचे, रबराचे, ॲल्युमिनियमचे प्रिझम करून पाहिले. किरण काही वळेना. लोहचुंबक लावलं, तरी ढिम्म. भिंगाने गोळा करता येईना. मग त्याने बारीक छिद्रातून नळीचा फोटो घेतला आणि हे किरण सरळ रेषेतच जातात हे दाखवून दिलं.

आता याचा आणि आपल्या चुलतभावाच्या शंकेचा संबंध बघा. किरण वाटेत वळत असता, तर एक्स-रेमधला वाकडा पाय खरंच वाकडा आहे की किरणाने वाकडा दाखवलाय, हे कळलंच नसतं. किरण सरळ जातो, म्हणून सावलीवर पट्टी ठेवून कोन मोजता येतो.

पण याची दुसरी बाजूही आहे. भिंग चालत नाही, त्यामुळे एक्स-रे हा कॅमेऱ्याने काढल्यासारखा फोटो नसतो. ती निव्वळ सावली असते. दिवे गेल्यावर मेणबत्तीसमोर हात धरून भिंतीवर हरीण-ससा केलेला आठवतोय ना? हात पुढेमागे केला की सावली लहानमोठी होते, मनगट फिरवलं की आकारच बदलतो. पायाचंही तेच. पाय फिल्मपासून लांब असेल तर सावली मोठी पडते. खरं माप काढता यावं म्हणून काही ठिकाणी गुडघ्याशेजारी ठरावीक मापाचा धातूचा गोळा ठेवतात. सावली सगळीकडून सारखीच मोठी झाली तर कोन बदलत नाही. पाय आत किंवा बाहेर फिरलेला असेल, किंवा गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, तर मात्र कोन फसवतो.

आणि ऑपरेशननंतर नेमकं हेच घडतं. पहिला एक्स-रे बहुतेक वेळा पेशंट झोपलेला असताना, फक्त गुडघ्यापुरता घेतात. त्यात ना खुबा दिसतो ना घोटा, मग ओळंबा लावणार कसा? सुरुवातीला सूज असते, दुखतं, गुडघा पुरता ताठ होत नाही, पायावर पूर्ण भारही दिला जात नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उभं करून, गुडघ्याची वाटी समोर ठेवून पूर्ण पायाचा एक्स-रे काढला की आकडा दोन-तीन अंशांनी वेगळा येऊ शकतो. धातू जागचा हललेला नसतो. सावली धरायची पद्धत बदललेली असते.

वर्षानुवर्षांच्या एक्स-रेंमध्ये कोन हळूहळू एकाच दिशेने सरकत गेला, तर ती वेगळी गोष्ट. सांधा खाली बसतोय किंवा सैल होतोय, अशी शंका तेव्हा घेतात. म्हणून जुन्या फिल्म रद्दीत घालू नका. तुलना करायला त्याच लागतात.

बरं, पाय अगदी सरळच हवा हे तरी कुणी ठरवलं? आजच्यासारखा गुडघा रुळला तो १९७० च्या दशकात. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये 'टोटल कॉन्डिलर' हा सांधा वापरायला सुरुवात केली. त्या टीममध्ये भारतातून गेलेले डॉ. चित्तरंजन रानावत होते. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये बदलले गेले, एक २००० मध्ये आणि दुसरा २००१ मध्ये. ती ऑपरेशनं याच रानावतांनी केली. त्या काळापासून नियम पक्का होता. खुबा, गुडघा आणि घोटा १८० अंशांत, इकडेतिकडे फार तर तीन अंश.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशोब मांडला. तीन अंशांच्या आत बसलेले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले, असं काही त्यात दिसलं नाही. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी गुडघ्याची काहीच तक्रार नसलेल्या २५० तरुण-तरुणींचे पाय मोजले. जवळपास एक तृतीयांश मुलांचे आणि शंभरातल्या सतरा मुलींचे पाय मूळ ठेवणीनेच तीन अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले निघाले. त्यामुळे काही सर्जन आता पाय काटेकोर सरळ करण्याऐवजी त्या माणसाच्या मूळ ठेवणीच्या जवळ ठेवतात. वाद अजून मिटलेला नाही. पण झूम करून दिसलेला किंचित तिरकेपणा चूकच असेल असं नाही. चालताना दुखत असेल किंवा पाय लटपटत असेल, तर मात्र ग्रुपवर चर्चा करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता परत राँटजेनकडे. २२ डिसेंबर १८९५ ला त्याने बेर्टाला खाली बोलावलं आणि तिचा हात फोटोच्या काचेवर सुमारे पंधरा मिनिटं ठेवायला लावला. बोटांची हाडं आणि अंगठी असलेला तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. २८ तारखेला त्याने निबंध दिला, १ जानेवारीला त्याच्या प्रती ओळखीच्या शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवल्या, आणि आठवडाभरात बातमी पेपरात आली. त्या काळी व्हायरल होणं म्हणजे हेच. १३ जानेवारीला जर्मन सम्राटासमोर प्रात्यक्षिक. २३ ला वुर्झबर्गच्या भर सभेत त्याने कोलिकर या वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञाच्या हाताचा एक्स-रे काढला. किरणांना राँटजेनचं नाव द्यावं, असं कोलिकरने तिथेच सुचवलं. राँटजेन मात्र शेवटपर्यंत एक्सच म्हणत राहिला. गणितात अज्ञात राशीला देतात ते अक्षर.

त्याने पेटंट घेतलं नाही. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत जगभरची हॉस्पिटलं स्वतःची यंत्रं जोडून मोडलेली हाडं आणि घुसलेल्या गोळ्या बघू लागली. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यालाच मिळालं. बक्षिसाची रक्कम त्याने वुर्झबर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. नावामागे 'फॉन' लावून सरदारकी मिळवण्याची संधीही नाकारली.

१९०० पासून तो म्युनिकला होता. शेवटची वर्षं कठीण गेली. १९१९ मध्ये दीर्घ आजारानंतर बेर्टा गेली. पहिल्या महायुद्धानंतरच्या भयंकर महागाईत साठवलेले पैसे कवडीमोल झाले. १० फेब्रुवारी १९२३ ला आतड्याच्या कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. गीसनच्या कबरस्तानात त्याची कबर आहे. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे प्रयोगाच्या टिपणवह्या आणि बहुतेक पत्रं जाळून टाकली गेली. त्या सात आठवड्यांत प्रिझम कोणत्या दिवशी लावला आणि लोहचुंबक कोणत्या दिवशी, हे त्यामुळे आता कुणालाच सांगता येत नाही.