इंजिन ड्रायव्हर पंतप्रधान : बेन चिफली

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतली मुले आता सिडनी-मेलबर्नला स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून आलेले सभासद तिथली स्वच्छता, शिस्त आणि ऑपेरा हाऊस यांबद्दल भरभरून सांगतात. पण सिडनीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर असलेल्या बॅथर्स्ट गावच्या बेन चिफली यांचे नाव कोणाच्या बोलण्यात येत नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्यांच्याबद्दल विशेष कुतूहल आहे, कारण या गृहस्थांनी देशातल्या सगळ्या खासगी बँका सरकारच्या ताब्यात घ्यायचे ठरवले आणि त्यापायी पंतप्रधानपद घालवले.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८५ चा. वडील लोहार. पाच-सहा वर्षांचा असताना बेनला गावाबाहेर आजोबांच्या शेतावर राहायला पाठवले आणि तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत तो तिथेच वाढला. १८९३ साली ऑस्ट्रेलियात एकामागून एक बँका बंद पडल्या, त्यात आजोबांची पुंजी अडकली. ठेवीदाराचे पैसे बुडतात म्हणजे काय, ते या मुलाने आठव्या वर्षी घरातच पाहिले. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे असे मला वाटते.

१९०३ मध्ये ते रेल्वेत पोऱ्या म्हणून लागले. दिवसा इंजिने पुसायची, कोळसा मारायचा आणि रात्री शाळेत जायचे, असे कित्येक वर्षे चालले. १९१४ साली ते पहिल्या श्रेणीचे इंजिन ड्रायव्हर झाले. त्याच वर्षी लग्न झाले. ते कॅथलिक, पत्नी एलिझाबेथ प्रेस्बिटेरियन. त्या काळात तिकडे हा जवळजवळ आपल्याकडच्या आंतरजातीय विवाहासारखाच प्रकार होता.

१९१७ साली न्यू साउथ वेल्समध्ये रेल्वेचा मोठा संप झाला. प्रत्येक कामाला किती वेळ लागला हे कार्डावर नोंदवण्याची नवी पद्धत आली होती आणि कामगारांना ती मान्य नव्हती. संप फसला. चिफली यांना आधी काढून टाकले, नंतर खालच्या जागेवर परत घेतले. पुढे ते पुन्हा ड्रायव्हर झाले, पण गेलेली ज्येष्ठता बरीच वर्षे परत मिळाली नाही. सीनियॉरिटीच्या यादीत एक नंबर खाली गेला तर माणूस निवृत्त होईपर्यंत विसरत नाही, हे नोकरी केलेल्यांना वेगळे सांगायला नको. चिफली यांनी त्यानंतर इंजिन चालवणाऱ्यांची युनियन बांधली आणि लवाद न्यायालयात तिची बाजू मांडू लागले. कागद, आकडे, नियम यांवर लढायचे, ही त्यांची रीत.

१९२८ मध्ये ते मजूर पक्षाचे खासदार झाले, १९३१ मध्ये मंत्री. पण तोवर जागतिक मंदी आली होती. सरकारी खर्च, पगार, पेन्शन सगळ्यांत कपात करणारी योजना आली आणि चिफली यांनी नाइलाजाने तिला पाठिंबा दिला. ज्या युनियनच्या उभारणीत त्यांचा हात होता, तिनेच त्यांना काढून टाकले. वर्षअखेरीस खासदारकीही गेली.

पुढची नऊ वर्षे ते संसदेबाहेर होते. १९३५ साली बँकिंग व्यवस्थेवर एक शाही आयोग नेमला गेला आणि त्यात त्यांना घेतले. इतरांनी सुधारणा सुचवल्या, तर चिफली यांनी वेगळे मत नोंदवून खासगी बँका राष्ट्रीय मालकीच्या कराव्यात असे मांडले.

१९४० मध्ये ते पुन्हा निवडून आले, १९४१ मध्ये अर्थमंत्री झाले. युद्धाचा सगळा खर्च त्यांनी सांभाळला. पंतप्रधान जॉन कर्टिन वारल्यावर जुलै १९४५ मध्ये ते पंतप्रधान झाले. तरी सरकारी निवासात राहायला गेले नाहीत. कॅनबेराच्या कुराजाँग हॉटेलातली आपली साधी खोली त्यांना पुरे होती. हिंदुस्थान प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकेल, हे ज्या एप्रिल १९४९ च्या लंडन परिषदेत ठरले, तिथे नेहरूंबरोबर चिफलीही होते. मात्र गोऱ्यांखेरीज इतरांना ऑस्ट्रेलियात वसू न देण्याचे धोरण त्यांच्या सरकारनेही चालूच ठेवले, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता बँकांचे प्रकरण. सरकारी संस्थांनी आपली खाती राष्ट्रीय बँकेतच ठेवावीत, अशी तरतूद १९४५ च्या कायद्यात होती. ऑगस्ट १९४७ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. तीनच दिवसांनी चिफली यांनी जेमतेम चाळीस-बेचाळीस शब्दांचे निवेदन काढले : खासगी बँका ताब्यात घेणार. का, कशा, ठेवीदाराचे काय, काही नाही! आमच्याकडे साधा व्याजदर बदलला तरी याहून लांब सर्क्युलर येत असे.

बँकांनी संधी सोडली नाही. गंमत अशी की प्रचारात बँक कर्मचारीच पुढे होते. आपल्याकडे १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा कर्मचारी संघटनांनी आनंद साजरा केला होता. तिकडे कारकून घरोघर जाऊन विरोध करत होते. कायदा संसदेत मंजूर झाला, पण १९४८ मध्ये हायकोर्टाने आणि १९४९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो अडवला. राज्याराज्यांतला व्यापार मुक्त असेल, हे त्यांच्या घटनेतले ९२ वे कलम आडवे आले. आपल्या घटनेचे कलम ३०१ त्यावरूनच घेतलेले आहे.

त्याच वर्षी जूनअखेर, ऐन थंडीत, कोळसा खाणकामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढ आणि आठवड्याला ३५ तास काम अशा मागण्या होत्या. दिवे, गॅस, गाड्या बंद पडू लागल्या, लाखो कामगार घरी बसले. चिफली यांचे म्हणणे होते की लवाद आहे, तिथे जा. युनियनचे नेतृत्व कम्युनिस्टांकडे होते आणि तेही हटेनात. सरकारने युनियनचा पैसा गोठवला, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले आणि १ ऑगस्टला खाणींत लष्कर उतरवले. पंधरवड्यात संप मोडला. संपात पोळलेल्या माणसाने संप मोडावा, हे कामगारांच्या मनात कायमचे राहिले. माझ्या मते चिफली यांना १९१७ चा धडा उलटाच मिळाला होता. फसलेला संप घरे उद्ध्वस्त करतो, म्हणून लवाद, ही त्यांची श्रद्धा होती. पण तुरुंगाइतके पुढे जायला हवे होते का? मला तरी ते पटत नाही.

लोक एव्हाना वैतागले होते. युद्ध संपून चार वर्षे झाली तरी चहा-लोण्याचे रेशन चालूच, पेट्रोलचे रेशन उठून पुन्हा आलेले. चिफली यांचा हिशेब डॉलर वाचवण्याचा होता आणि तो बरोबर असेलही, पण गाडीत पेट्रोल नसलेल्याला ताळेबंद दाखवून भागत नाही. १० डिसेंबर १९४९ ला मेन्झीस यांच्या आघाडीने १२१ पैकी ७४ जागा जिंकल्या.

चिफली विरोधी पक्षनेते राहिले. १३ जून १९५१ च्या रात्री संसद भवनात राष्ट्रस्थापनेच्या सुवर्णमहोत्सवाचा नृत्यसमारंभ चालू होता. ते गेले नव्हते. कुराजाँगच्या त्याच खोलीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बातमी कळताच त्यांचे कट्टर विरोधक मेन्झीस यांनी समारंभ थांबवला.

मुलांकडे गेलात तर एक दिवस बॅथर्स्टसाठी काढा. बस्बी स्ट्रीटवरचे त्यांचे छोटे घर जपून ठेवले आहे, आणि त्यांनी चालवलेले ५११२ नंबरचे वाफेचे इंजिन स्टेशनजवळ उभे आहे.