दातृत्वाचा हिशेब

डिसेंबर महिना मध्यावर आला की पुण्याच्या खडकी भागाचे रूप पालटू लागते. चर्चच्या आवारात रंगरंगोटी सुरू होते, घराघरांवर कागदी चांदण्या लटकतात, गव्हाणीचे देखावे मांडले जातात. 1817 च्या लढाईनंतर येथे लष्करी छावणी वसली, 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि त्या दोहोंच्या आधाराने नाना प्रांतांची माणसे येथे स्थायिक झाली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. मराठी, तमिळ, गोवेकर अशा अनेक घरांत नाताळ आपापल्या रीतीने साजरा होतो आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांनाही त्याचा वाटा मिळतो.

या आनंदाला एक अडचण मात्र दरवर्षी चिकटलेली असते. नाताळ येतो पंचवीस तारखेला आणि पगार होतो महिन्याच्या आरंभी. घरभाडे, वाणी, दूधवाला, शाळेची फी यांची देणी भागवून जे उरते ते पंधरवड्यातच संपते. त्यानंतर मुलांचे कपडे, केक, फराळ आणि सर्वांवर ताण म्हणजे भेटवस्तू! एकेकाळी घरातल्या मुलाला एखादे खेळणे मिळाले तरी सण साजरा होई. आता भाचे-पुतणे, सहकारी, मुलांचे मित्र, मुलांच्या शिक्षिका अशी यादी वाढत जाते. जे मिळाले त्याच्या तोडीचे परत केले पाहिजे या भिडेने घरे उधारीत शिरतात आणि जानेवारीचा पगार डिसेंबरच्या आनंदाची भरपाई करण्यात जातो. भेट द्यावी की न द्यावी, हा येथे प्रश्न नाही. किती द्यावे, कोणी सोसावे आणि देण्याचा अर्थ काय, हा प्रश्न आहे. या प्रश्नाचा निकाल लावण्यास महाराष्ट्रातल्याच एका ख्रिस्ती स्त्रीचे चरित्र उपयोगी पडेल. ती स्त्री म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याला सीमा नव्हती. बाहेरून आलेले धान्यसुद्धा धुतल्यावाचून त्यांच्या घरात येत नसे. विटाळाच्या भयाने वेढलेल्या घरात देण्याघेण्याचा सहज व्यवहार तो कसा व्हावा? दुसऱ्याच्या हातची वस्तू घेणे हेच जेथे संकट, तेथे भेट या शब्दालाच जागा उरत नाही. बालपणीच्या त्या घरात वस्तूंची नव्हे, तर विश्वासाची वाण होती.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि नियतीने त्यांना एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेऊन बसविले. टिळक विद्वान, कविवृत्तीचे, वक्तृत्वसंपन्न. परंतु संसाराच्या बाबतीत अगदीच निष्काळजी. एका गावी, एका उद्योगात ते फार काळ टिकत नसत. हाती आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन मोकळे व्हावे आणि घरी काय शिजणार याचा विचार मागाहून करावा, हा त्यांचा स्वभाव होता. लोक अशा माणसाला उदार म्हणतात आणि ते उदार होतेही. परंतु त्या औदार्याची किंमत चुलीपाशी बसलेल्या बाईला मोजावी लागे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाचक हसतो, कारण लक्ष्मीबाईंनी आपल्या ओढगस्तीकडेही खेळकर दृष्टीने पाहिले आहे. तथापि त्या हास्याखाली एक सत्य दडलेले आहे. देणारा एक आणि सोसणारा दुसरा असेल, तर त्या दानाचा खरा दाता कोण, हे पुन्हा तपासून पाहावे लागते.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मण घरात हा प्रसंग मृत्यूहूनही दारुण मानला जाई. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. मुलगा देवदत्त अजून लहान होता. स्वतःचे उत्पन्न नाही, स्वतःचे घर नाही आणि भवितव्याची शाश्वती नाही. मिळेल त्यावर दुसऱ्याच्या घरी दिवस काढणाऱ्या माणसाला दानाची दुसरी बाजू कळते. घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे किती ओझे पडते, ते देणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते. लक्ष्मीबाईंना ते अनुभवाने कळले असले पाहिजे.

पुढे त्या नगर जिल्ह्यात टिळकांकडे राहावयास आल्या, पण धर्मांतर करून नव्हे. मिशनच्या वस्तीत राहूनही त्यांनी आपले पाणी आणि आपला स्वयंपाक निराळा ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला असेल, तर तो पाळण्याचे बंधन तरी कशाला, असा विचार त्यांच्या मनात हळूहळू रुजला आणि एके दिवशी त्यांनी ते सोवळे स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जलालपूरच्या सोवळ्यात वाढलेल्या मुलीने कोणाच्याही हातचे पाणी प्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. भेट देण्याआधी भेट घेता आली पाहिजे. गरीबाच्या हातची, आपल्याहून हलकी मानलेल्याच्या हातची वस्तू आनंदाने स्वीकारता आली पाहिजे. लक्ष्मीबाई येथे देण्याच्या विद्येची पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

तो काळ संकटांचा होता. 1899-1900 च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला होता, प्लेगची साथ पुन्हा पुन्हा येत होती. टिळकांच्या घरी निराश्रित मुले येत, आजारी माणसे येत, विद्यार्थी येत, कवी येत. बालकवी ठोंबरे त्यांच्या नगरच्या घरी राहिले आणि त्यांना तेथे मातेची माया लाभली. प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. मिशनच्या पगारात एवढ्या माणसांचे पोट चालविणे ही कसरत होती. टिळकांनी माणूस घरी आणावा आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यासाठी पानात काय वाढायचे ते पाहावे, अशी ती वाटणी होती. काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक येथे लख्ख दिसतो. कंजूष मनुष्य स्वतःसाठी राखून ठेवतो. काटकसरी मनुष्य उद्या येणाऱ्यासाठी राखून ठेवतो. लक्ष्मीबाई हिशेबी होत्या म्हणूनच टिळकांचे दार उघडे राहू शकले. हिशेब नसता, तर ते औदार्य चार दिवसांत आटले असते.

1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताची भक्ती परदेशी पोशाखात नव्हे तर भजन-कीर्तनाच्या, अभंगाच्या देशी रूपात व्हावी, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई त्या वेळी पन्नाशीच्या घरात होत्या. मागे संपत्ती नव्हती. होते ते एक अपुरे काव्य. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प टिळकांनी सोडला होता. ‘ख्रिस्तायना’चे आरंभीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अक्षरओळख झालेल्या या बाईने त्यांत चौसष्ट अध्यायांची भर घातली. आयुष्याच्या अखेरीस ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. 1934 पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. कोणत्याही दुकानात न मिळणाऱ्या या दोन भेटी मराठी भाषेला अशा घरातून मिळाल्या, ज्या घरात महिनाअखेरीची विवंचना कधी सुटली नाही.

या चरित्राच्या उजेडात नाताळच्या भेटींकडे पाहिले, म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात. भेटीची प्रथा ख्रिस्ती परंपरेला परकी नाही. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी गव्हाणीतल्या बालकापुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवल्याची कथा शुभवर्तमानात आहे. चौथ्या शतकातल्या संत निकोलस यांनी एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्याची सोय रात्रीच्या अंधारात, नाव न कळविता केली, अशी आख्यायिका आहे. त्यांच्यावरूनच पुढे सांताक्लॉजची प्रतिमा घडली. परंतु या दोन्ही कथांत परतफेड नाही. बालक काही परत देऊ शकत नव्हते आणि गुप्त दात्याला काही परत देताच येत नव्हते. आज रूढ झालेली देवघेव, रंगीत कागद, दुकानांची आरास आणि जाहिराती हा मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतील व्यापाराचा वारसा आहे. तो धर्माचा भाग समजून त्यापायी कर्ज काढण्याचे कोणालाही कारण नाही.

उलट महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांनी स्वतःची एक सुंदर रीत घडविली आहे. नाताळला करंज्या, शंकरपाळे, चिवडा असा फराळ करावा, ताटात भरून, वर विणलेला रुमाल टाकून तो शेजारीपाजारी पाठवावा. आणि दिवाळीला किंवा ईदला तेच ताट शेजाऱ्याने भरून परत पाठवावे. या भेटीला किमतीची चिठ्ठी नसते. तीत घरातल्या बायकांचे श्रम असतात, म्हणून ती स्वस्त म्हणता येणार नाही. परंतु त्या श्रमांत घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी हात घातला, तर ती कोणालाच जड होणार नाही. लक्ष्मीबाईंच्या संसाराने शिकविलेला धडा येथे विसरता कामा नये.

व्यवहाराच्या चार गोष्टी त्यावरून ठरविता येतात. नाताळसाठी किती खर्च करावयाचा, तो आकडा महिन्याच्या आरंभी, पगार हाती येताच पतिपत्नींनी मिळून ठरवावा आणि तो वेगळा काढून ठेवावा. मुलाला एकच वस्तू द्यावी, पण ती त्याच्या आवडीची असावी. मोठ्या गोतावळ्यात प्रत्येकाने प्रत्येकाला देण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून ज्याचे नाव निघेल त्यालाच भेट द्यावी आणि तिच्या किमतीची मर्यादा सर्वांनी मिळून बांधावी. एकट्या पडलेल्या वृद्धाच्या घरी एक दुपार बसणे, हीही भेटच मानावी. उधारीवर घेतलेली वस्तू मात्र भेट मानू नये, कारण तिची किंमत पुढील दोन महिने घरातलीच माणसे पोटाला चिमटा घेऊन चुकवीत असतात.

यावर एक आक्षेप येईल. वर्षातून एकदा येणाऱ्या सणालाही हात आखडावा काय? मुलांनी मित्रांच्या घरी पाहिलेले खेळणे आपल्या घरी दिसले नाही, तर त्यांचा हिरमोड होत नाही काय? बाजारातल्या लहान दुकानदारांचेही पोट या हंगामावर असते. आक्षेप अगदीच निराधार नाही. मुलाचे मन खरोखर खट्टू होते आणि ते हसण्यावारी नेऊ नये. परंतु घरातली खरी स्थिती मुलाला प्रेमाने समजावून सांगणे हाही आईबापांनी द्यावयाचा ठेवा आहे. कर्जाच्या चिंतेने चिडलेले आईबाप हा कोणत्याही खेळण्याने न भरून निघणारा तोटा आहे. दुकानदारांविषयी म्हणाल, तर रोखीने घेतलेली एक लहान वस्तू त्यांनाही बुडीत उधारीपेक्षा बरीच वाटेल.

खर्चाहून मोठे नुकसान आणखी एक आहे आणि ते कोणाच्या हिशेबाच्या वहीत चढत नाही. भेटींची पातळी वाढली, की नात्यातले गरीब कुटुंब सणाच्या दिवशी येईनासे होते. आजारपणाची, कामाची सबब पुढे केली जाते. खरे कारण एवढेच असते की त्या घरी रिकाम्या हाताने जावयाची लाज वाटते आणि तोलामोलाचे काही नेण्याची ऐपत नसते. ज्या सणाची कथाच धर्मशाळेत जागा न मिळालेल्या कुटुंबापासून सुरू होते, त्या सणात आपल्या नकळत आपल्याच माणसाला दाराबाहेर ठेवावे, यासारखी विसंगती नाही. लक्ष्मीबाईंच्या घरी पुष्कळदा पुरेसे अन्न नसे, पण रिकाम्या हाताने आलेल्याला संकोच वाटावा असे ते घर नव्हते. खडकीतल्या आणि खडकीबाहेरच्याही घरांनी यंदा आपल्या भेटींचे मोजमाप करताना एवढेच पाहावे की, आपल्या देण्यामुळे कोणाचे येणे थांबत नाही ना.