विल्यम मर्डॉक

ज्या काळीं विजेचा दिवा कोणास ठाऊक नव्हता, त्या काळीं गिरणीसारखी प्रचंड इमारत थोड्या खर्चांत कशी उजळावी, या प्रश्नाचें उत्तर एका कारागिराच्या मुलानें शोधून काढलें. त्याचें नांव विल्यम मर्डॉक.

मर्डॉक यांचा जन्म १७५४ सालीं स्कॉटलंडमधील लुगार या खेड्यांत झाला. त्यांचे वडील चक्क्यांचीं यंत्रें बांधीत. १७७७ सालीं मर्डॉक बर्मिंगहॅम येथें बोल्टन व वॅट यांच्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्यांत नोकरीस लागले. पुढें कॉर्नवॉलमधील खाणींवर यंत्रें सांभाळीत असतां त्यांनीं बंद लोखंडी भांड्यांत दगडी कोळसा तापवून त्यांतून निघणारा वायु नळीनें नेला, आणि १७९२ च्या सुमारास त्या वायूनें रेडरूथ येथील आपलें घर उजळलें.

त्या वेळीं कापसाच्या गिरण्यांत चरबीच्या मेणबत्त्या जळत. वातीची काजळी वारंवार कापावी लागे. ठिणगी उडाली तर कापूस पेटून गिरणीवर व मजुरांवर मोठें संकट ओढवे. १८०५ सालीं मर्डॉक यांनीं मँचेस्टरजवळील सॅलफर्ड येथें फिलिप्स आणि ली यांच्या गिरणींत वायूचे दिवे बसविण्यास आरंभ केला. पुढें ते ९०४ झाले, व त्यांचा उजेड २,५०० मेणबत्त्यांइतका भरला.

परंतु मर्डॉक यांची खरी थोरवी त्यांच्या हिशेबांत दिसते. तेवढ्या मेणबत्त्यांस वर्षाला २,००० पौंड लागले असते. उलट, उरलेल्या कोकची किंमत वजा जातां कोळशाचा खर्च अवघा ५२ पौंड होता. एवढाच आंकडा सांगितला असता, तर ऐकणारे थक्क झाले असते. पण भांडवलावरील व्याज व सामानाची झीज यांचे ५५० पौंड त्यांनीं प्रामाणिकपणें मिळविले, आणि एकूण खर्च सुमारें ६०० पौंड दाखविला.

१८०८ सालीं हा वृत्तांत रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला व मर्डॉक यांस रम्फर्ड सुवर्णपदक मिळालें. या शोधाचें पेटंट मात्र त्यांनीं घेतलें नाहीं; त्याचा पैसा इतरांनीं मिळविला. १८३९ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थ्यांनो, वायूचे दिवे गेले, विजेचे आले. तरीही कारखान्यासाठीं दिवा निवडतांना खरेदी, जळण, झीज आणि धोका या चारही गोष्टी मांडणें, व आपल्या आवडत्या वस्तूचा खर्चही न लपविणें, हा मर्डॉक यांचा धडा जुना झालेला नाहीं.