सारथी आणि गणिती : मार्क डोनाह्यू

सुट्टीच्या दिवसांत संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळण्याचा नाद आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस आहे, हें त्यांच्या पालकांस आम्हीं सांगावयास नको. ह्या खेळांत शर्यतीपूर्वीं मोटारीची जुळणी करावयाची असते. स्प्रिंगा कडक ठेवाव्या कीं मऊ, टायरांत हवा किती भरावी, मागचा पंख किती कलता ठेवावा, हें सर्व खेळणाऱ्याच्या हातीं असतें. बहुतेक मुलें एकदम चार-पांच गोष्टी बदलतात, एक फेरी मारतात, आणि वेळ कमी लागला कीं टाळ्या पिटतात; पण तो कोणत्या बदलानें कमी लागला, असें विचारलें तर गप्प बसतात. खऱ्या मोटारींविषयीं हाच प्रश्न विचारण्यांत ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, त्या अमेरिकन गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

मार्क डोनाह्यू ह्याचा जन्म १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत झाला. ब्राउन विश्वविद्यालयांतून १९५९ सालीं त्यानें यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळविली. विद्यार्थिदशेंतच कॉर्व्हेट मोटारींतून तो शर्यतींत उतरूं लागला होता, आणि १९६१ सालीं त्यानें एल्व्हा कूरियर नांवाच्या लहान गाडींतून हौशी मंडळींचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. वॉल्ट हॅन्सगेन ह्या वडीलधाऱ्या चालकानें त्याचे गुण ओळखून त्यास हातीं धरलें. १९६६ सालीं फ्रान्समध्यें ल मां येथें गाडीची चाचणी घेत असतां हॅन्सगेन अपघातांत सांपडला व मरण पावला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळींच रॉजर पेन्स्की ह्यानें डोनाह्यूस आपल्या गाड्या चालविण्याविषयीं विचारलें. पुढील नऊ वर्षें ही जोडी बहुतेक अखंड राहिली.

डोनाह्यूपेक्षां अधिक निसर्गदत्त कौशल्य असलेले चालक त्या काळीं होते, असें आमचें मत आहे. परंतु गाडी वळणावर नीट वळत नाहीं, एवढें सांगून ते मोकळे होत. डोनाह्यू गाडीचें मोजमाप घेई. त्याची एक आवडती रीत अशी होती. सपाट फरसबंद मैदानावर ठराविक त्रिज्येचें वर्तुळ आंखावयाचें, त्यावरून गाडी टायर सुटण्याच्या बेतास येईपर्यंत जोरानें फिरवावयाची, आणि एका फेरीस किती सेकंद लागले तें टिपून घ्यावयाचें. त्रिज्या व वेळ कळली म्हणजे टायर गाडीस किती बळानें आंत खेंचून धरतात तें गणितानें निघतें. समजा, ३० मीटर त्रिज्येचें वर्तुळ ११ सेकंदांत पुरें झालें, तर तें बळ गाडीच्या वजनाइतकें भरतें. १० सेकंदांत झालें तर सुमारें एकपंचमांशानें अधिक. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

मग पुढचीं चाकें आधीं बाहेर सरकतात कीं मागचीं, हें पाहावयाचें. पुढचीं सरकत असतील तर गाडी वळत नाहीं. मागचीं सरकत असतील तर ती गरकन फिरते. गाडी वळणावर एका अंगास कलूं नये म्हणून चाकांमध्यें एक आडवी दांडी असते. पुढची दांडी बदलावयाची, पुन्हां फेरी, पुन्हां आंकडा. नंतर मागची दांडी, नंतर स्प्रिंग, नंतर हवेचा दाब. एका वेळीं एकच बदल, आणि प्रत्येकाची नोंद. पाहणारास हें कंटाळवाणें वाटे, आणि तें तसें होतेंही. पण १९६८ व १९६९ अशीं दोन वर्षें लागोपाठ त्याच्या कॅमॅरो गाडीनें ट्रान्स-ॲम स्पर्धेंतील अजिंक्यपद मिळविलें, त्याचें मूळ ह्या कंटाळ्यांतच आहे.

येथें एक गोष्ट वगळून चालणार नाहीं. गाडी कमीत कमी किती वजनाची असावी ह्याचा नियम असतां, पेन्स्कीच्या मंडळींनीं एका कॅमॅरोचा सांगाडा तेजाबांत बुडवून त्याचे पत्रे पातळ केले होते. नियम न मोडतां त्यांतील फट शोधणें निराळें, आणि नियमास चकविणें निराळें. हें दुसऱ्या प्रकारचें कृत्य होतें, व तें आम्हांस रुचत नाहीं. डोनाह्यूनें मात्र आपल्या पुस्तकांत तें स्वतःच उघड सांगितलें आहे.

१९७२ सालीं इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्यानें ताशीं १६२.९६२ मैल ह्या सरासरी वेगानें जिंकली. हा विक्रम १९८४ पर्यंत टिकला. तथापि त्याच्या कर्तृत्वाची खरी कसोटी लागली ती जर्मनींत.

स्टुटगार्टजवळ वाइसाख येथें पोर्शे कंपनीचें चाचणीचें मैदान आहे. तेथें ९१७ ह्या बारा सिलिंडरांच्या गाडीस टर्बो बसविण्याचें काम चाललें होतें. यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या वायूनें एक चक्र फिरतें, व तें चक्र अधिक हवा आंत कोंबतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक व शक्तिही अधिक. दोष इतकाच कीं, पाय उचलला म्हणजे चक्र मंदावे, आणि पुन्हां दाबला म्हणजे क्षणभर कांहींच होत नसे व मग सर्व शक्ति एकदम चाकांवर येऊन आदळे. ऐन वळणावर असें झालें तर चालकाचा निरुपाय. यंत्र पूर्ण जोरांत असतां किती शक्ति देतें हें कारखान्यानें उत्तम मोजलें होतें; अर्धवट दाबलेल्या पायाखालीं, कमी वेगांत तें कसें वागतें, तें मोजा, असा डोनाह्यूनें आग्रह धरला. हेल्मुट फ्लेगल ह्या तरुण जर्मन अभियंत्याबरोबर त्यानें इंधन पुरविणाऱ्या पंपाचें प्रमाण पुनःपुन्हां बदलून पाहिलें, तेव्हां ती गाडी माणसाळली.

त्याच वर्षीं जुलैमध्यें रोड ॲटलांटा येथें चाचणी घेत असतां गाडीच्या मागील भागाचें आवरण नीट पक्कें न बसल्यामुळें भर वेगांत उडून गेलें. गाडीच्या चिंधड्या झाल्या, आणि डोनाह्यूच्या गुडघ्यास जबर इजा झाली. त्यानें सुधारलेल्या गाडींत जॉर्ज फॉल्मर बसला, व त्या वर्षाचें कॅन-ॲम अजिंक्यपद त्यास मिळालें. आपलें काम दुसऱ्याच्या हातून फळास आलेलें अंथरुणावरून पाहणें किती कठीण गेलें असेल, ह्याची कल्पनाच करावी.

१९७३ सालीं मात्र सुमारें १,१०० अश्वशक्तीची ९१७/३० ही गाडी घेऊन त्यानें आठांपैकीं सहा शर्यती ओळीनें जिंकल्या. नंतर त्यानें निवृत्ति घेतली. परंतु ती मानवली नाहीं, आणि १९७४ च्या अखेरीस तो पेन्स्कीच्या फॉर्म्युला वन गाडींत बसला. ९ ऑगस्ट १९७५ रोजीं टॅलडेगा येथें त्यानें ९१७/३० मधून एक फेरी ताशीं २२१.१२० मैल वेगानें पुरी करून बंद मार्गावरील वेगाचा विक्रम केला.

त्यानंतर आठव्या दिवशीं ऑस्ट्रियांत, शर्यतीपूर्वींच्या सकाळच्या सरावांत, त्याच्या गाडीचा टायर निकामी झाला. गाडी कुंपणापलीकडे गेली व मार्गावरील एक स्वयंसेवक ठार झाला. डोनाह्यू शुद्धीवर होता, बोलत होता. कांहीं वेळानें डोकें दुखूं लागलें व त्याची शुद्ध हरपली. १९ ऑगस्ट रोजीं ग्राझ येथील रुग्णालयांत, वयाच्या ३८ व्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. त्याचें पुस्तक त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें.

डेटोना येथील चोवीस तासांची शर्यत त्यानें १९६९ सालीं चक पार्सन्स ह्याच्यासह जिंकली होती. २००९ सालीं त्याच शर्यतींतील विजयी चमूंत त्याचा पुत्र डेव्हिड होता.