विश्लेषण : ७ कसोटी, ३५० धावा... ओळखा पाहू हा कर्णधार!

नाव झाकायचे, कारकिर्दीचे आकडे तेवढे दाखवायचे आणि खेळाडू ओळखायला सांगायचे. मोबाइलवर सध्या हा खेळ जोरात आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या खेळाडूंची नावे याच पद्धतीने ओळखली जातात, आपल्याकडे मान अर्थातच क्रिकेटला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेही असे प्रश्न सोडवतात. पण काही खेळाडू या खेळात हमखास चकवतात. त्यांचे आकडे खरे असतात, तरी त्यावरून माणूस सापडत नाही. अशाच एका खेळाडूची ही गोष्ट. त्याचा जन्म गोंदियापासून जेमतेम १३० किलोमीटरवर झाला. खाली जाण्याआधी अंदाज बांधून पाहा.

आकडे काय सांगतात?

कसोटी सामने ७, डाव १४, धावा ३५०, सरासरी बरोबर २५. अर्धशतके २, शतक एकही नाही, सर्वोच्च धावसंख्या ८१. बळी ९. चार कसोटींत कर्णधार. त्यांतल्या तीन हरल्या, एक अनिर्णित राहिली. विजय शून्य.

एवढ्यावर बहुतेक जण एखाद्या विसरलेल्या, बदली कर्णधाराचे नाव घेतील. आता दुसरा संकेत पाहा : प्रथम श्रेणीचे सामने २०७, धावा ११,८२५, शतके २६, बळी ४११. पहिला सामना १९१६ मध्ये, शेवटचा १९६३-६४ च्या हंगामात. पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात तब्बल ४७ वर्षांचे अंतर.

म्हणजे दर ३० सामन्यांमागे एकच कसोटी. सचिन तेंडुलकरच्या ३१० प्रथम श्रेणी सामन्यांपैकी २०० कसोटी आहेत. मग या खेळाडूच्या वाट्याला इतक्या कमी कसोटी का आल्या? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नावही मिळते.

तो खेळाडू कोण?

कर्नल कोट्टारी कनकैया नायडू, म्हणजेच सी. के. नायडू. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर.

तेव्हाचे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. आजचा गोंदिया जिल्हा त्याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. नायडूंचे घर तेलुगू भाषक, सुशिक्षित. शिक्षण नागपुरातच, हिस्लॉपमध्ये झाले. क्रिकेटची गोडी शाळेतच लागली आणि लांब फटके मारण्याची सवयही तिथलीच.

पण त्या काळी भारताचा असा संघच नव्हता. सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा होती मुंबई-पुण्याकडची चौरंगी. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे चार संघ धर्म आणि वंशावरून बनायचे. १९१६ मध्ये नायडू हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध पहिल्यांदा उतरले. संघ अडचणीत होता, क्रमांक खालचा होता. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे खेळून काढले आणि चौथ्यावर थेट षटकार मारला. 

भारताला कसोटी खेळायला मिळाली त्यानंतर १६ वर्षांनी. फलंदाजाच्या उमेदीचा काळ म्हणजे विशी ते पस्तिशी. नायडूंचा हा सगळा काळ कसोटीच्या नोंदीत कोराच राहिला.

इंदूरला का गेले?

क्रिकेट खेळून पोट भरण्याची सोय तेव्हा नव्हती. आजच्यासारखे लिलाव नव्हते, मंडळाचे करार नव्हते. खेळाडूंना आधार असायचा तो संस्थानिकांचा. १९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या निमंत्रणावरून नायडू नागपूर सोडून इंदूरला गेले आणि होळकर संस्थानच्या सैन्यात अधिकारी झाले. त्यांच्या नावामागचे ‘कर्नल’ हे पद तिथले. पुढे घर आणि कर्मभूमी इंदूरच राहिली.

संस्थानिकांच्या या आश्रयाला दुसरी बाजूही होती. ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच हाती संघ. त्याचा फटका नायडूंना पुढे बसणार होता.

१९२६ ची ती खेळी इतकी महत्त्वाची का?

१९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एमसीसी संघ भारताच्या दौऱ्यावर आला. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर त्यांची गाठ हिंदू संघाशी पडली. एमसीसीच्या गाय अर्ल यांनी ८ षटकारांसह १३० धावा कुटल्या. पाहुण्यांची ही आतषबाजी पाहून प्रेक्षक थक्क झाले होते.

१ डिसेंबरला नायडू खेळायला आले. दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा केल्या. त्यात ११ षटकार होते. खेळ सुरू असताना बातमी शहरभर पसरली आणि लोक मैदानाकडे धावले, जागा मिळेना तसे आसपासच्या झाडांवर आणि छतांवर चढले. याच दौऱ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधर यांनीही एमसीसीविरुद्ध १४८ धावांची खेळी केली.

भारतीय खेळाडू कसोटीच्या दर्जाचे आहेत, हे गिलिगन यांना पटले. देशाचे स्वतःचे क्रिकेट मंडळ असावे, असा आग्रह त्यांनी धरला. डिसेंबर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताला पहिली कसोटी मिळाली. एकट्या नायडूंच्या खेळीने हे घडले नाही, पण मोठा धक्का त्या खेळीनेच दिला. मजा पाहा, त्यांची सर्वांत प्रसिद्ध खेळी कसोटीच्या आकड्यांत कुठेच नाही. ती कसोटी येण्याआधीची आहे.

पहिले कर्णधारपद कसे मिळाले?

१९३२ च्या दौऱ्यावर संघाचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडी संस्थानच्या राजघराण्यातले. कर्णधार राजघराण्यातलाच हवा, अशी तेव्हाची समजूत होती. पण पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. कसोटीच्या वेळी ते बाजूला झाले, उपकर्णधार दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि नेतृत्व नायडूंकडे आले. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली खेळायला संघातून विरोधही झाला. पण निर्णय बदलला नाही.

२५ जून १९३२, लॉर्ड्‌स. तेव्हा नायडूंचे वय होते ३६ वर्षे आणि जवळपास ८ महिने. या वयात आज बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करतात, नायडूंची पहिली कसोटी तेव्हा सुरू झाली. महंमद निसार यांच्या वेगवान माऱ्यापुढे इंग्लंडची अवस्था सुरुवातीलाच ३ बाद १९ झाली. भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळले जनार्दन नवले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली, तरी पहिल्या डावात संघाच्या सर्वाधिक ४० धावा त्यांनीच काढल्या. भारत १५८ धावांनी हरला.

दौऱ्यात कसोटी ही एकच. बाकीच्या प्रथम श्रेणी सामन्यांसह नायडूंनी त्या उन्हाळ्यात १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. ‘विस्डेन’ या इंग्लंडमधील प्रतिष्ठेच्या वार्षिकाने १९३३ च्या अंकात वर्षातल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा इंग्लंड संघ भारतात आला. तिन्ही कसोटींत कर्णधार नायडूच होते. मुंबईच्या पहिल्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. त्यांच्यासोबत १८६ धावांची भागीदारी रचताना नायडूंनी ६७ धावा केल्या. मालिका मात्र इंग्लंडने २-० ने जिंकली.

मग कर्णधारपद का गेले?

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे ‘विझी’ यांना मिळाले. त्यांच्याकडे पैसा आणि वजन होते, खेळ बेताचाच होता. तीन कसोटींत मिळून त्यांच्या धावा झाल्या ३३. संघात दोन तट पडले. कसोटी मालिका सुरू होण्याआधीच लाला अमरनाथ यांना शिस्तभंगाचे कारण देऊन मायदेशी परत पाठवण्यात आले. भारताचा पहिला कर्णधार आता साधा खेळाडू म्हणून, आपल्यापेक्षा कितीतरी कमी कुवतीच्या माणसाच्या हाताखाली खेळत होता.

ओव्हलवर ऑगस्ट १९३६ मध्ये झालेली तिसरी कसोटी नायडूंची शेवटची ठरली. वय चाळिशीपुढे गेलेले. इंग्लंडचे कर्णधार गबी ॲलन यांचा चेंडू अंगावर जोरात बसला, तरी ते मैदान सोडून गेले नाहीत. दुसऱ्या डावात त्यांनी ८१ धावा केल्या. त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी हीच.

आता सुरुवातीचा आकडा पुन्हा पाहा. १९३२ मध्ये १, १९३३-३४ मध्ये ३, १९३६ मध्ये ३. एकूण ७. भारत या काळात एवढ्याच कसोटी खेळला आणि नायडू त्या सगळ्या खेळले. एकही चुकली नाही. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले आणि भारताची पुढची कसोटी झाली थेट जून १९४६ मध्ये. तोवर नायडूंनी पन्नाशी ओलांडली होती.

पन्नाशीनंतर काय केले?

कसोटी संपली, क्रिकेट संपले नाही. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर आणि धाकटे बंधू सी. एस. नायडू अशा खेळाडूंचा हा संघ त्यांनी शिस्तीने घडवला. १९४५-४६ च्या बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी स्वतः २०० धावा केल्या. वय होते ५०.

१९५१-५२ मध्ये मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसला आणि दात तुटले. हेल्मेटचा तो जमाना नव्हता. नायडूंनी तुटलेले दात बाजूला सारले, गोलंदाजाला वेग कमी करू नकोस असे सांगितले आणि खेळ पुढे सुरू ठेवला. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. शेवटचा रणजी सामना ते १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशकडून खेळले, ६१ व्या वर्षी, आणि त्यातही अर्धशतक काढले. १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ आणि मुख्यमंत्र्यांचा संघ यांच्यातल्या सामन्यात ते प्रथम श्रेणीत अखेरचे दिसले, तेव्हा वय होते ६८.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले.

असे आणखी कुणाच्या बाबतीत घडले?

बेसबॉलमधले सॅचेल पेज यांचे उदाहरण थेट नायडूंच्या शेजारी ठेवावे असे आहे. अमेरिकेतल्या मुख्य लीगची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत बंद होती. पेज तोवर कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळत होते आणि तिथले नामांकित गोलंदाज होते. मुख्य लीगमध्ये ते आले १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. तिथला त्यांचा हिशेब २८ विजय आणि ३१ पराभव. नुसता हा आकडा पाहणाऱ्याला ते सामान्य गोलंदाज वाटतील. पेज यांना वर्णभेदाने अडवले. नायडूंच्या आड परकी सत्ता, संस्थानिकांची मर्जी आणि महायुद्ध आले. दोघांच्याही नोंदीत उमेदीची वर्षे गायब आहेत.

आज हे का माहीत असावे?

गोंदियातली मुले विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली खेळतात. त्यांच्यातला कुणी २३ वर्षांखालील विदर्भ संघापर्यंत पोहोचला, तर तो ज्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरेल तिचे नाव कर्नल सी. के. नायडू करंडक. बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कारही नायडूंच्याच नावाने दिला जातो. तरीही ७ कसोटी आणि ३५० धावा हा संकेत दिला, तर हे नाव पटकन कुणाच्या ओठावर येत नाही.

म्हणून जुन्या खेळाडूला ओळखताना तीन प्रश्न आधी विचारावेत. पहिली मोठी संधी मिळाली तेव्हा त्याचे वय काय होते? त्या काळात त्याचा देश एकूण किती सामने खेळला? आणि संघ निवडण्याचा अधिकार कुणाकडे होता? नायडूंच्या बाबतीत उत्तरे येतात : छत्तिशी पार केलेली, फक्त ७, आणि राजेमहाराजांकडे. ही तीन उत्तरे हाती आली की २५ ची सरासरी वेगळी दिसू लागते. भारताच्या वाट्याला आली तेवढी प्रत्येक कसोटी हा नागपूरचा माणूस खेळला. त्याहून जास्त कसोटी खेळणे त्याच्या हातात नव्हते.