जांभळ्या रंगाच्या पलीकडे काय आहे, हे शोधणारा रिटर

गोष्ट १८०१ सालची. जर्मनीतलं येना शहर. २४ वर्षांचा एक तरुण अंधाऱ्या खोलीत प्रिझममधून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून बसला होता. नाव योहान विल्हेल्म रिटर.

आदल्याच वर्षी विल्यम हर्शेल यांनी थर्मामीटर लावून दाखवलं होतं, की तांबड्या रंगाच्या पलीकडेही न दिसणारे किरण असतात. रिटरचा हिशोब साधा होता. या टोकाला काही आहे, तर जांभळ्याच्या पुढेही असणारच.

पण दिसत नाही ते शोधायचं कसं?

रिटर पोरवयातच औषधं बनवणाऱ्याकडे शिकाऊ होता, त्यामुळे रसायनं त्याच्या हातातली. सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळं पडतं. ते लावलेला कागद त्याने रंगांच्या पट्ट्यावर धरला. सगळ्यात लवकर काळा पडला तो जांभळ्याच्या पुढचा भाग, जिथं डोळ्यांना उजेडच दिसत नव्हता. अतिनील किरण सापडले होते.

याच किरणांचं पार पलीकडचं टोक म्हणजे एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट. काच सोडा, हवासुद्धा ते शोषून घेते. त्यामुळे साधं भिंग लावून ते वळवता येत नाहीत. मग ते वळवायचे कसे? तर दुसऱ्या उजेडाने. लेसरचा अवरक्त झोत आर्गॉनसारख्या वायूवर सोडला, की हे किरण तयार होतात (२०२३चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच वाटेवरच्या कामाला मिळालं). ते पुन्हा वायूतून गेले, की तिथले अणू एका तालात तसेच किरण सोडू लागतात. तेवढ्यात दुसरा अवरक्त झोत सोडला, की ताल बदलतो आणि किरणांची दिशा वळते. हर्शेलचा उजेड रिटरच्या उजेडाला वळण देतो, ते असं!

रिटर मात्र स्वतःच्या अंगावरच प्रयोग करत राहिला. बॅटरीच्या तारा जिभेला, डोळ्यांना, कानांना लावायच्या आणि कुठले रंग दिसले, काय ऐकू आलं ते लिहून ठेवायचं. झटके वाढवत नेले, तब्येत खालावत गेली.

पुढे म्युनिकच्या विज्ञान अकादमीत जागा मिळाली. तिथं तो कंपेत्ती नावाच्या इटालियन पाणाड्याच्या नादी लागला. जमिनीखालचं पाणी, धातू या माणसाला खरंच कळतात, असं सिद्ध करायला निघाला आणि होती ती पतही घालवून बसला. पैशाची चणचण तर कायमचीच.

२३ जानेवारी १८१० रोजी म्युनिकमध्येच तो गेला. वय ३३. मागे बायको आणि लहान मुलं.